डंकावरून परत आली ती चटणी आमची नव्हती

गेल्या चैत्रात डंकावरून घरी आलेली चटणी आमच्या मिरचीची नव्हती, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. डंकवाल्यापुढे तर सांगितलंच. त्यावर चार बायकांदेखत तो म्हणाला, "वहिनी, एवढा संशय असंल तर घरी उखळात कुटा की." कराड भागातल्या त्या डंकाचं नाव लिहीत नाही. ओळखायचं ते ओळखतील.

मिरची कशी होती ते आधी ऐका. परड्यात लावलेली, संकेश्वरी वाणाची. झाडावर पुरती लाल होऊन जराशी सुकल्याशिवाय आम्ही तोडत नाही, आणि तोडतो ती दव उडाल्यावर. तोडल्या तोडल्या उन्हात टाकायची नाही. एक रात्र सावलीत गोणपाटाखाली ढीग करून ठेवली की चुकून आलेली अर्धी कच्ची फळंही रंग धरतात. मग ताडपत्रीवर पातळ पसरायची, रोज हलवायची आणि ऊन उतरायच्या आत गोळा करून झाकायची. रात्रीच्या ओलीनं मिरची फटकी होते, पांढरी पडते. फटकी मिरची निवडून टाकूनच द्या. "कुटल्यावर काय कळतंय" म्हणणाऱ्या जावा-नणंदा प्रत्येक घरात असतात, पण बुरशीचं विष कुटल्याभाजल्यानं जात नाही. कानाशी धरून हलवल्यावर बिया खुळखुळल्या, की मिरची वाळली. साठवायची ती देठासकट. देठ काढायचे कुटायच्या आदल्या दिवशी. त्या वेळी मी आणि आत्याबाईंनी बसून एकेक देठ हातानं खुडला होता. हे लक्षात ठेवा.

डंकावर पोचलो तर लाईट गेलेली. "ठेवून जावा, सांजच्याला न्या." उन्हात म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसणार किती वेळ? मिरची मोजून घेतली, पिशवीवर नाव घातलं आणि परत आलो. संध्याकाळी चटणी बांधून तयार. वजन केलं तर सकाळी दिलं तेवढंच. काटा इकडचा तिकडे झाला नाही.

मला खटकलं ते इथंच. कुटताना उरलीसुरली ओल जाते, धुरळा उडतो, खलाच्या तळाला थोडी पूड चिकटते. घट येतेच. घटीवरून डंकावर भांडणं होतात, ती मी लहानपणापासून ऐकत आलेय. बिनघटीचं कांडप पहिल्यांदाच पाहत होते. पिंपातली तयार पूड मोजून बांधली असेल तरच हे जमतं.

घरी कागदावर चिमूटभर पसरली. त्यात पिवळट, दोऱ्यासारखे देठाचे तंतू! देठ खुडलेल्या मिरचीत देठ आले कुठून? आत्याबाईंनी पिशवीत नाक घालून वास घेतला. शिंकल्या नाहीत. "ही आपली न्हवं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेले. आधी म्हणाला, तुमची मिरचीच ओली होती. मिरची ओली असेल तर घट जास्त यायला हवी, म्हटलं. मग म्हणाला, देठ तुमचेच असतील. मग सगळं मशिनीवरच्या पोराच्या अंगावर ढकललं. पोरगं बिचारं खाली बघत उभं. शेवटी, "जाऊ द्या, कांडपाचे पैसे कमी द्या." ज्यानं काही केलं नाही त्याला पैसे सोडायची घाई कशाला? मी पैसे पुरे दिले आणि उखळाचा टोमणा झेलून परत आले.

हळद त्या दिवशी सोबत नव्हती, म्हणून वाचली. माहेर सांगलीकडचं, हरिपूरच्या बाजूचं. तिथं हळकुंडं जमिनीतल्या पेवांत साठवायची जुनी रीत. २००५ च्या महापुरानं त्या पेवांचं फार नुकसान केलं. उघडलेल्या पेवात लगेच कुणी उतरत नाही, कोंडलेली हवा माणसाला मारते. घरच्या डब्याला तेवढा धोका नाही, पण हळद अख्खी, कोरडी आणि अंधारात ठेवायची, हे तिथूनच घ्यावं. पूड केली की वास आणि रंग दोन्ही उतरायला लागतात.

हळद शिजवायच्या बाबतीत माझं कुणाशी भांडण नाही, म्हणून थोडक्यात. पाला वाळला की कापून पंधरा-वीस दिवसांनी काढणी. गड्डे आणि हळकुंडं वेगवेगळी शिजवा, दोन्हींना वेळ सारखा लागत नाही. खराट्याची काडी जोर न लावता आरपार गेली, की पुरे. वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं. ओल्या शंभर किलोंची वाळून वीस-पंचवीस किलो होते. तेवढी घट मात्र खरी, तिथं कुणावर आळ घेऊ नका. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डंकावर त्याचा उपयोग शून्य.

शेजारणीनं हळदीला चुना लावून बघायला सांगितलं. चुन्यानं हळद लाल होतेच, भेसळीत नावापुरती असलेली हळदसुद्धा. आयोडीनचंही तेच, हळदीत मुळातच पिष्ट असतं, मग पीठ मिसळलेलं कळणार कसं? त्यापेक्षा ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाला बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग घातलाय असं समजा. तिखटाचं पारखताना तर्रीवर मुळीच जाऊ नका. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो आणि भेसळीचा सुदान रंगही तेलातच उतरतो. याच रंगाच्या भारतातून गेलेल्या तिखटापायी २००५ साली ब्रिटनमध्ये दुकानांतून शेकडो पदार्थ परत मागवावे लागले होते. आपल्याकडे तशी वेळ आली तर परत मागवणार कोण?

बाकी नेहमीचंच: ओळखीच्या ठिकाणी द्या, पावती मागा. पावती मागून बघा आणि मिळाली तर मलाही कळवा. आता माझं सांगते. वर्षाची चटणी एकदम कुटून आणू नका. निम्मी मिरची घरी अख्खी ठेवा, म्हणजे फसलात तरी निम्म्यालाच. कांदा-लसूण तळून डंकावर नेऊ नका. नुसती मिरची कुटून आणा, बाकीचं घरी मिसळा. साधी पूड तपासता येते, मसाला लागल्यावर काही कळत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा खल आपल्यासमोर झाडून घ्यायला लावा. आणि लाईट गेली तर पिशवी उचलून घरी या, कुणी कितीही "ठेवून जावा" म्हणू दे.

यंदा मी डंक बदललाय. इथला किलोमागं थोडे जास्त घेतो, पण खलासमोर बसायला खुर्ची देतो.