रुग्णवाहिकेची वाटचाल : चंदीगडचे उदाहरण

आजारी किंवा जखमी माणसाला रुग्णालयात पोचविणारी गाडी म्हणजे रुग्णवाहिका, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. उपचार नेमका कोठून सुरू व्हावा आणि तो सुरू करण्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधताच ही सेवा आजच्या रूपाला आली आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार रणभूमीवर झाला. लढाई थांबेपर्यंत जखमी सैनिकांनी जागीच पडून राहावे, अशी युरोपात रीत होती. फ्रेंच शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे याने १७९२ साली हलक्या घोडागाड्या सिद्ध करून लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणण्याची व्यवस्था केली. १९६६ साली बेलफास्ट येथील हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा धक्का देऊन त्याची गती पूर्ववत करणारे उपकरण गाडीत बसविले. पूर्वी रुग्ण उपचाराकडे नेला जाई. आता उपचारच रुग्णाकडे जाऊ लागला.

दुसऱ्या प्रश्नाची गुंतागुंत समजून घ्यावयाची, तर चंदीगडसारखे उदाहरण नाही. ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या शहरात रस्ते सरळ व रुंद असून वस्त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. त्यामुळे पत्ता शोधण्यात वेळ दवडावा लागत नाही. येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली, म्हणजे पंजाब अविभक्त असताना, स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही झाले. १९६७ साली या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. शहराला लागूनच पंजाबातील मोहाली आणि हरियाणातील पंचकुला ही नगरे आहेत. हिमाचल प्रदेश व जम्मू-काश्मीर येथूनही गंभीर रुग्ण याच संस्थेकडे येतात. रुग्णालय एक आणि शासने अनेक, अशी ही स्थिती आहे.

दूरध्वनीवरून बोलाविता येणारी, प्रशिक्षित साहाय्यक असलेली '१०८' क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबाद येथे सुरू झाली. नंतर हरियाणाने २००९, हिमाचल प्रदेशाने २०१० आणि पंजाबने २०११ साली आपापली रुग्णवाहिका सेवा उभारली. प्रत्येक राज्याचा नियंत्रण कक्ष निराळा, गाड्या निराळ्या. चंदीगड शहरात तर अपघातातील जखमींना रुग्णालयात नेण्याचे काम पोलीस नियंत्रण कक्षाच्या गाड्याही करीत आल्या आहेत.

परंतु गाडी आली तरी दार उघडेलच, याची पूर्वी शाश्वती नव्हती. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून नाकारले, सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या रुग्णालयात नेण्यास सांगितले, आणि वाटेतच तो मरण पावला. या घटनेवरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निर्णय दिला, की जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य होय. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला कायद्याने मान्यता मिळाली. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूलाही संरक्षण लाभले. मार्च २०२४ मध्ये अपघातग्रस्तांवर दीड लाख रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त सात दिवस, रोख रक्कम न मागता उपचार करण्याची योजना प्रथम चंदीगड येथेच प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०२५ साली ती देशभर लागू करण्यात आली.

महाराष्ट्रात '१०८' सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तरीही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अनेक गंभीर रुग्णांना आजही राज्याची सीमा ओलांडून गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते. त्यांच्या नातेवाइकांना चंदीगडची कथा परकी वाटणार नाही. प्रशासनाच्या सोयीसाठी सीमा आखाव्याच लागतात. परंतु रुग्णाला त्या सीमेवर थांबावे लागू नये, अशी तजवीज आधीच करून ठेवणे हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शासनांचे काम आहे. रुग्णवाहिका सेवेची खरी कसोटी गाड्यांच्या संख्येपेक्षा या तजविजीतच लागते.