आसव-अरिष्टांतील मद्यार्काचे मापन : वऱ्हाडातील उन्हाळा आणि आपली औषधशाळा

आयुर्वेदीय औषधिकल्पांमध्ये संधानकल्पनेचे स्थान विशेष आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा व शर्करा या नऊ योनींपासून होणाऱ्या ८४ आसवांचा उल्लेख केला आहे. औषधीचे वीर्य दीर्घकाळ टिकावे व ते शरीरात शीघ्र पसरावे, हे या कल्पनेचे दोन मोठे लाभ. हे दोन्ही लाभ संधानातून आपोआप निर्माण होणाऱ्या मद्यार्कावर अवलंबून आहेत. असे असूनही तयार झालेल्या अरिष्टात हा मद्यार्क नेमका किती आहे, हे मोजण्याकडे आपल्यापैकी अनेकांचे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या मापनाची पद्धती, त्यातील चुकांची स्थाने आणि आपल्या वऱ्हाडच्या हवामानात घ्यावयाची विशेष काळजी यांचा विचार केला आहे.

एक अनुभव

प्रथम आमच्याच हातून घडलेली चूक सांगणे योग्य ठरेल. आमचा दवाखाना अमरावतीस व लहानशी औषधशाळा अकोल्यास आहे. काही वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही दशमूलारिष्टाचे एक संधान घातले. वैशाखाच्या अखेरीस पात्रातील आवाज थांबला, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसली, पात्रात नेलेली जळती काडी विझली नाही. सर्व लक्षणे जुळली. तरीही खात्रीसाठी आम्ही ऊर्ध्वपातन करून मद्यार्क मोजला, तो ११ टक्के आला. समाधानाने अरिष्ट गाळून बाटल्यांत भरले. श्रावणात त्याच बाटल्यांची बुचे उडू लागली. काहींच्या तोंडाशी फेस आला, चव आंबट झाली. पुन्हा मापन केले तेव्हा न फुटलेल्या बाटलीतही मद्यार्क जेमतेम ३ टक्के भरला. सर्व माल टाकून द्यावा लागला. ११ आणि ३ यांतील हे अंतर कोठून आले, याचा शोध घेताना जे उमगले तेच व्यवसायबंधूंपुढे मांडत आहोत.

संधान थांबणे आणि संधान सिद्ध होणे

ध्वनी बंद होणे, प्रक्षेप तळाशी बसणे, काडी जळत राहणे, चुन्याच्या निवळीत वायू सोडल्यास ती दुधाळ न होणे, ही सर्व लक्षणे एकच गोष्ट सांगतात : कर्बवायूची निर्मिती थांबली आहे. ती का थांबली, हे ती सांगत नाहीत. शर्करेचे योग्य परिवर्तन होऊन मद्यार्काने किण्वाची वाढ रोखली, तर संधान सिद्ध झाले असे म्हणता येते. परंतु किण्व उष्णतेने निष्प्रभ झाले, तरीही हीच लक्षणे दिसतात.

संधानास साधारणतः २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ४० अंशांच्या पुढे बहुतेक किण्वांचा जोर ओसरतो. अकोला व अमरावती येथे वैशाखात दुपारचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि टिनाच्या छपराखालील खोलीत त्याहून अधिक होते. संधानातून स्वतःची उष्णताही निघत असते. अशा वेळी पात्र शांत होते ते सिद्धीमुळे नव्हे, तर थकव्यामुळे. पावसाळ्यात हवा निवली की राहिलेली शर्करा पुन्हा आंबू लागते, आणि तोवर अरिष्ट बाटलीत बंद झालेले असते. पात्र धान्यराशीत किंवा जमिनीत पुरण्याचा जुना संकेत तापमान स्थिर राखण्यासाठीच होता, हे येथे ध्यानात येते.

हायड्रोमीटर थेट अरिष्टात का बुडवू नये

बाजारात मिळणारा मद्यार्कमापी हा पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणासाठी आखलेला असतो. मद्यार्क पाण्याहून हलका असल्याने तो जितका अधिक, तितका मापी खोल जातो. अरिष्टात मात्र गूळ, मध व क्वाथातील सत्त्वे असतात, ती द्रवाला जड करतात. शार्ङ्गधरांनी अनुक्त मानासाठी दिलेले प्रमाण पाहा : एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व एक दशांश प्रक्षेप. आजच्या मानाने सुमारे १२.२८८ लिटर द्रवास ४.८ किलो गूळ व २.४ किलो मध. अशा मिश्रणाचे विशिष्ट गुरुत्व आरंभी १.१५० च्या घरात असते व संधानानंतरही ते १ च्या बरेच वर राहते. त्यात मद्यार्कमापी बुडवल्यास तो शून्याच्याही वर तरंगेल. त्यावरून अरिष्टात मद्यार्क नाही असे मानणे चूक होय.

पहिली पद्धती : आरंभ व अंत यांतील फरक

१.००० ते १.२०० पट्टीचा साधा हायड्रोमीटर घेऊन गूळ पूर्ण विरघळल्यावर, धायटीची फुले व प्रक्षेप घालण्यापूर्वी, गाळलेल्या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व नोंदवावे. संधान थांबल्यावर पुन्हा गाळून नोंदवावे. दोहोंतील फरकास १३१ ने गुणले असता मद्यार्काचे आकारमानी प्रमाण स्थूलमानाने मिळते. उदाहरणार्थ, आरंभी १.१५० व शेवटी १.०९० असल्यास फरक ०.०६० आणि मद्यार्क सुमारे ७.९ टक्के.

ही पद्धती अंदाजाची आहे. प्रक्षेपातील सत्त्वे द्रवात उतरल्याने शेवटचे मान थोडे वाढते व मद्यार्क कमी भासतो. मध मागाहून घातल्यास आरंभीचे मान निरुपयोगी ठरते. तथापि दर आठवड्यास नोंद ठेवल्यास संधान चालू आहे की अडले आहे, हे यातून चांगले कळते. मान १.१५० वरून १.१२५ वर येऊन तेथेच अडकले, तर पात्र शांत असले तरी काम अपुरे आहे असे समजावे.

दुसरी पद्धती : ऊर्ध्वपातन

औषधिसंहितेस मान्य असलेली पद्धती अशी :

१. २५ अंश तापमानास आणलेले अरिष्ट नेमके २५ मिली मोजून ऊर्ध्वपातनाच्या काचपात्रात घ्यावे. त्यात सुमारे १५० मिली पाणी व उकळी समान राहावी म्हणून थोडे प्युमिस चूर्ण घालावे.

२. अरिष्ट आंबट झाल्याचा संशय असल्यास सौम्य कॉस्टिक सोड्याने आम्लता घालवावी. अन्यथा शुक्ताम्लही वाफेबरोबर येऊन मापन बिघडवते.

३. लवंग, वेलची, कापूर इत्यादी सुगंधी द्रव्यांचे तैल असल्यास आधी मीठ घालून द्रव संपृक्त करावा व हेक्सेनने तैल वेगळे काढून मगच ऊर्ध्वपातन करावे.

४. कंडेन्सरमधून थंड पाणी सतत वाहते ठेवून सुमारे ९० मिली द्रव १०० मिलीच्या मापनकुपीत जमा करावा.

५. कुपी २५ अंशांवर आणून ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलीची खूण पुरी करावी.

६. विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीने २५ अंशांवर मान काढावे, कोष्टकातून मद्यार्क पाहावा व त्यास ४ ने गुणावे, कारण मूळ द्रव चौपट झाला आहे.

कोष्टकातील उपयोगी अंक असे : ०.९९८५ म्हणजे १ टक्का, ०.९९७० म्हणजे २ टक्के, ०.९९५६ म्हणजे ३ टक्के. म्हणजेच मान ०.९९७० आल्यास मूळ अरिष्टात ८ टक्के मद्यार्क आहे.

चूक कोठे होते

येथेच आमचा पाय घसरला होता. बाटलीभर पाण्याचे वजन आम्ही माघात, २५ अंशांवर घेऊन वहीत लिहून ठेवले होते. ज्येष्ठात ऊर्ध्वपातित द्रव तोलला तेव्हा खोलीत ३५ अंश होते. पाणी तापले की प्रसरण पावते व हलके होते. २५ अंशांच्या तुलनेत ३५ अंशांवरील शुद्ध पाण्याचे मान ०.९९७० भरते. कोष्टकात हाच अंक २ टक्के मद्यार्काचा आहे, आणि ४ ने गुणल्यावर ८ टक्के. अर्थात मद्यार्काचा थेंबही नसलेल्या पाण्यात आमच्या पद्धतीने ८ टक्के मद्यार्क दिसला असता! प्रत्यक्षातील ३ मध्ये हे ८ मिळाले आणि ११ झाले.

यावर उपाय सोपा आहे. बर्फमिश्रित पाण्याने भरलेले घमेले जवळ ठेवावे, बाटली त्यात धरून आतील द्रव थर्मामीटरने २५ अंशांवर आणावा व बाहेरून कोरडी पुसून लगेच तोलावी. पाण्याचे वजनही त्याच दिवशी, त्याच तापमानास घ्यावे. मद्यार्क नसलेले पाणी एकदा सर्व क्रियेतून नेऊन शून्य येते का, ते पाहावे.

दुसरी चूक तराजूची. २५ मिलीच्या बाटलीत १० मिलिग्रॅमची चूक झाली, तर अंतिम उत्तरात सुमारे १ टक्क्याचा फरक पडतो. म्हणून १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजूच वापरावा. तिसरी चूक कंडेन्सरची. उन्हाळ्यात टाकीचे पाणीच कोमट असते, वाफ पूर्ण निवत नाही व मद्यार्क उडून जातो. त्या वेळी उत्तर खरे असते त्यापेक्षा कमी येते.

हेही लक्षात ठेवावे की घनता इथाइल व मिथाइल मद्यार्कांत भेद करीत नाही. मिथाइल मद्यार्काची परीक्षा सुसज्ज प्रयोगशाळेतच करून घ्यावी. मद्यार्क कमी भरला म्हणून बाहेरून स्पिरिट मिसळणे हा तर रुग्णाशी द्रोह होय.

रुग्णाच्या दृष्टीने

८ टक्क्यांच्या अरिष्टाच्या २० मिली मात्रेत १.६ मिली, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम मद्यार्क असतो. सामान्य रुग्णास तो अल्प आहे. परंतु व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरम घेणाऱ्या रुग्णास इतकाही मद्यार्क त्रासदायक होऊ शकतो. यकृद्विकारी, गर्भिणी व बालक यांच्या बाबतीतही विचार करूनच योजना करावी. ‘आमच्या अरिष्टात किती मद्यार्क आहे’ या प्रश्नास आकड्याने उत्तर देता आले, तरच हा विचार शक्य होतो.

कायद्याची बाजू

औषधी व प्रसाधने अधिनियम, १९४० नुसार स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट आहे. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्या औषधशाळांना परवाना आवश्यकच. औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील उत्पादन शुल्काचा १९५५ चा अधिनियम १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर रद्द झाला. परंतु १९४९ चा दारूबंदी अधिनियम राज्यात लागू आहे. परवान्याविना मद्य गाळणे हा अपराध आहे. म्हणून ऊर्ध्वपातनाची काचसामग्री केवळ परीक्षणापुरती, लहान मापाची ठेवावी, राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाकडून तत्संबंधी मार्गदर्शन घ्यावे, आणि प्रत्येक नमुन्याची तारीख, तापमान, मान व द्रव टाकून दिल्याची नोंद वहीत करावी.

उपसंहार

धायटीची फुले मेळघाटातून माघ-फाल्गुनात ताजी येतात. ती सावलीत सुकवून कोरडी राखावीत व आपल्या भागात संधाने शक्यतो आश्विनापासून माघापर्यंतच घालावीत. उन्हाळ्यात घालणे भागच असेल, तर पात्र जमिनीत पुरावे किंवा ओल्या गोणपाटाने वेढावे. शास्त्राने सांगितलेली लक्षणे टाकून द्यावयाची नाहीत, ती पाहावीतच. त्यांच्या जोडीस दोन अंक असावेत : पात्राचे तापमान व मद्यार्काचे प्रमाण. आमच्या वहीत आता प्रत्येक संधानापुढे हे दोन रकाने आहेत, आणि श्रावणात बुचे उडण्याचा प्रसंग पुन्हा आलेला नाही.