आकाशमार्गे येणारा स्वर व घरातील श्रोते

परंदवडी गावात एखाद्या उंच गच्चीवर उभे राहून सभोवार दृष्टी टाकली असता एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. कोणाचे घर पत्र्याचे, कोणाचे कौलारू, तर कोणाचे नव्या पद्धतीचे दुमजली. एकाचे दार पूर्वेस, तर दुसऱ्याचे उत्तरेस. परंतु घरांच्या माथ्यावर दूरचित्रवाणीच्या ज्या छत्र्या बसविलेल्या आहेत, त्या मात्र बहुतेक सर्व पूर्व व दक्षिण यांच्या मधल्या कोनाकडे तोंड करून असतात. नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने याचे कारण आम्हांस विचारले. प्रश्न लहान, परंतु त्याच्या पोटात पुष्कळ विद्या साठविलेली आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देण्याचे आम्ही योजिले आहे. त्याबरोबरच, घरात जी करमणूक आकाशमार्गे येते तिचा उपभोग कसा घ्यावा, याविषयीही चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण या दुसऱ्या गोष्टीत आम्ही स्वतःच चुकलो होतो.

प्रथम शास्त्राकडे वळू. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू जितकी उंच, तितका तिला एका प्रदक्षिणेस अधिक वेळ लागतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ही प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका फेऱ्याइतक्याच वेळात पुरी होते. म्हणून तेथे पृथ्वीच्याच दिशेने फिरणारा उपग्रह आपणांस आकाशात एका जागी खिळल्यासारखा भासतो. असे तीन उपग्रह योग्य अंतरांवर ठेविले तर जवळजवळ सर्व जगास संदेश पोहोचविता येतील, असे आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली मांडले होते. त्या वेळी मनुष्याने एकही उपग्रह आकाशात सोडलेला नव्हता. पुढे ती कल्पना खरी झाली. आपल्याच पुणे जिल्ह्यात आर्वी येथे परदेशी दूरध्वनीसाठी उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत उभे राहिले.

आता छत्र्यांचा प्रश्न सहज सुटतो. हे सर्व उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर आहेत आणि आपण त्याच्या उत्तरेस सुमारे पावणेएकोणीस अंशांवर राहतो. म्हणून छत्रीने दक्षिणेकडे पाहिले पाहिजे. शिवाय मावळचे रेखांश पूर्वेस सुमारे पावणेचौऱ्याहत्तर अंश, तर आपल्या देशात ज्या उपग्रहांवरून घरोघर कार्यक्रम येतात ते त्याहून अधिक पूर्वेकडील रेखांशांवर आहेत. म्हणून छत्रीने पूर्वेकडेही वळले पाहिजे. सरकारी ‘डीडी फ्री डिश’ ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गणित केले असता परंदवडीहून तो जवळजवळ नेमका आग्नेयेस, क्षितिजापासून ५८ अंशांच्या सुमारास उंच असल्याचे निघते. होकायंत्र व कोनमापक घेऊन कोणीही हे पडताळून पाहावे.

दुसरा प्रश्न पावसाचा. आषाढात लोणावळ्याकडून ढग लोटत आले आणि सरीवर सरी कोसळू लागल्या की दूरचित्रवाणीचे चित्र तुटते, स्वर अडखळतो, आणि घरातील मंडळी छत्री बसविणाऱ्यास दोष देऊ लागतात. बहुधा त्या बिचाऱ्याचा काही अपराध नसतो. या छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी केवळ अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. इतक्या आखूड लहरी पावसाच्या दाट पडद्यातून येताना थेंबांकडून शोषिल्या व विखुरल्या जातात. उलट, आमच्या लहानपणी पुणे आकाशवाणी ज्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यमलहरींवर आम्ही ऐकत असू, त्यांची लांबी सुमारे ३७९ मीटर. अशा लहरींस पावसाचा थेंब म्हणजे काहीच नव्हे. डोंगरांनाही त्या फारशा जुमानीत नाहीत.

रेडिओ आपल्या प्रांतात कसा आला, हेही विद्यार्थ्यांनी जाणले पाहिजे. मुंबईस हौशी मंडळींचा रेडिओ क्लब १९२३ मध्ये सुरू झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. ती कंपनी तीन वर्षांतच डबघाईस आली व १९३० मध्ये सरकारने तो कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. त्याच केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणे, ग. दि. माडगूळकरांनी रचलेली व सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ‘गीतरामायणा’ची ५६ गीते महाराष्ट्रास ऐकविली. त्या काळी रेडिओ क्वचित घरी असे. ज्याच्या घरी तो असेल त्याच्या ओसरीवर शेजारपाजारही जमत असे.

याच पुणे केंद्राने १९५६ मध्ये आणखी एक प्रयोग केला. त्याची ख्याती गीतरामायणाइतकी नाही, परंतु योग्यता मोठी आहे. युनेस्को संस्थेच्या साहाय्याने पुण्याच्या आसपासच्या मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापिली गेली. गावातील वीसेक माणसांनी ठरलेल्या सायंकाळी एकत्र बसावे, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरील अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, मग त्यावर आपसांत चर्चा करावी, आणि शंका पुणे केंद्रास लिहून कळवाव्यात, अशी ती योजना होती. शंकांची उत्तरे पुढे रेडिओवरूनच मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची परीक्षा केली. पॉल न्यूराथ या अभ्यासकाच्या देखरेखीखाली मंडळे असलेली व नसलेली गावे ताडून पाहण्यात आली, तेव्हा मंडळांच्या गावी लोकांच्या ज्ञानात पुष्कळ अधिक भर पडल्याचे दिसून आले. ऐकणे ही एकट्याने पडून करावयाची क्रिया नसून चारचौघांत जागेपणी करावयाची क्रिया आहे, हा त्या प्रयोगाचा बोध आम्हांस मोलाचा वाटतो.

आता ज्यास विशेषेकरून उपग्रह-रेडिओ म्हणत, त्याची हकीकत सांगतो. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या गृहस्थांनी १९९० मध्ये ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी काढली. जेथे रेडिओ केंद्रे विरळ आहेत अशा आफ्रिका व आशिया खंडांतील लोकांस उपग्रहाने थेट रेडिओ ऐकवावा, हा तिचा हेतू होता. १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ व मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे तिचे उपग्रह आकाशात गेले. एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. त्याच्या लहरी सुमारे वीस सेंटिमीटर लांबीच्या असल्यामुळे त्यांस पावसाची बाधा होत नसे. परंतु भिंत व छप्पर मात्र आडवे येई. म्हणून पुस्तकाएवढा सपाट ग्राहक-पत्रा खिडकीत, मोकळे आकाश दिसेल असा ठेवावा लागे. एकदा तो नीट बसला म्हणजे स्वर असा निर्मळ येई की खरखर नाही आणि जाहिरातींचा गलबलाही फारसा नाही. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी ‘गांधर्व’, कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’, जुन्या हिंदी चित्रपटगीतांसाठी ‘फरिश्ता’ अशा निरनिराळ्या वाहिन्या होत्या. मराठी गाण्यांचीही सोय होती. संगीतकार ए. आर. रहमान यांनी या सेवेसाठी एक धून बांधली होती.

एवढे गुण असूनही तो उद्योग तगला नाही. ग्राहकयंत्र वेगळे विकत घ्यावे लागे, वर्गणी वेगळी भरावी लागे, आणि खिडकी सोडून यंत्र हालविता येत नसे. इकडे २००१ पासून खाजगी एफएम केंद्रे फुकट गाणी ऐकवू लागली. पाठोपाठ गाणी साठविणारा दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आला. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी हिंदुस्थानातील सेवा बंद झाली. अनेक घरांतील ती सुंदर यंत्रे एका रात्रीत मुकी झाली. अमेरिकेत मात्र मोटारींतून ऐकण्याचा उपग्रह-रेडिओ अद्याप चालू आहे. तेथे लांबच्या प्रवासात त्याचा उपयोग होतो व मोटारीबरोबरच यंत्र मिळते. तेव्हा यंत्र किती उत्तम आहे एवढ्यानेच त्याचे भवितव्य ठरत नाही. ते लोकांच्या राहणीत कोठे बसते यावर ते ठरते.

आपल्याकडे उपग्रह-रेडिओ अगदी नाहीसा झाला, असे मात्र समजू नये. २००४ मध्ये दूरदर्शनने घरोघर छत्रीची जी सेवा सुरू केली, तिच्यात चित्रांच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या कित्येक केंद्रांचे कार्यक्रमही येतात. तिला मासिक वर्गणी नाही. पुष्कळांच्या घरी हा खजिना असतो, परंतु त्याची त्यांस वार्ताही नसते.

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूमुळे उतारवयात गेली. त्यांचा सर्व आधार एका जुन्या रेडिओवर होता. खुंटी किती फिरविली म्हणजे पुणे केंद्र लागते, हे त्यांच्या बोटांस पाठ होते. सकाळच्या बातम्या, दुपारचे नाट्यसंगीत, रात्रीचे भाषण यांवर त्यांचा दिवस चाले. एका पावसाळ्यात तो रेडिओ बंद पडला. त्याचे भाग मिळेनासे झाले होते. आम्ही मोठ्या हौसेने छत्री व तिची पेटी घरी आणली आणि वडिलांस सांगितले, “अप्पा, आता एकच केंद्र का? साऱ्या देशाची केंद्रे तुमच्यासाठी हजर आहेत.”

त्यांनी दोन दिवस ऐकले. नंतर ते बहुतेक वेळ खाटेवर पडून राहू लागले. विचारले तर म्हणत, “काही नाही रे, झोप येते आहे.” आम्ही ते वार्धक्याचे लक्षण समजलो. खरी गोष्ट अशी होती की त्या पेटीत रेडिओचे केंद्र शोधावयाचे म्हणजे पडद्यावरील नावांची यादी वाचावी लागे. रेडिओ ऐकण्यास डोळे लागू लागले होते! आम्ही सर्व दिवसभर बाहेर; आणि सायंकाळी परत आल्यावर प्रत्येकाच्या कानात आपापल्या दूरध्वनीची नळी. कोणास हाक मारून ‘माझे केंद्र लावून दे’ म्हणावयास त्यांस संकोच वाटे. छत्तीस हजार किलोमीटरचे अंतर आम्ही वर्गात फळ्यावर समजावून देत होतो. परंतु खाटेपासून त्या पेटीपर्यंतचे चार हातांचे अंतर आम्हांस दिसले नाही. याची आम्हांस आजही लाज वाटते.

उपाय आमच्या सातवीतील कन्येने शोधिला. तिने आजोबांचा हात धरून रिमोटवर फिरविला. ५ या अंकाच्या बटनावर एक बारीकसा उंचवटा असतो. तेथून वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६, असे तिने त्यांस शिकविले. वाहिनीचा आकडा दाबला की यादी न पाहताही ती थेट लागते. चालू-बंद करण्याच्या बटनावर तिने दोऱ्याची एक गाठ चिकटविली. तीन दिवसांत अप्पा स्वतः पुणे केंद्र लावू लागले. चौथ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या एका प्रांताचे केंद्र लावून ठेविले होते. भाषा समजत नव्हती, पण सनई समजत होती. पावसाने छत्री बंद पडे त्या दिवसांसाठी आम्ही बॅटरीवर चालणारा, खुंटीचा एक लहान रेडिओही त्यांच्या उशाशी ठेविला. आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास कानांतील नळ्या काढून सर्वांनी त्यांच्याबरोबर ऐकावयाचे, असा घरात नियम केला. आरंभी मुलांनी कुरकूर केली. नंतर ऐकलेल्या गोष्टीवर वाद घालण्यात तीच पुढे होऊ लागली.

यावरून घरच्या करमणुकीसंबंधी तीन गोष्टी आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवितो. पहिली ही की, घरात येणारे यंत्र घरातील सर्वांत दुर्बळ मनुष्यास हाताळता येते की नाही, हे आधी पाहावे. दुसरी, नवे आले म्हणून जुने टाकून देऊ नये. एकावर पाऊस पडला तर दुसरे कामी येते. तिसरी, दिवसातून थोडा वेळ तरी सर्वांनी मिळून एकच गोष्ट ऐकावी व तीविषयी बोलावे. ज्या प्रयोगाने दीडशे खेडी शहाणी झाली, तो एका घरास कठीण जाऊ नये.

सुटीत करून पाहण्याजोगे

१. आपल्या वाडीतील दहा छत्र्यांच्या दिशा होकायंत्राने मोजून त्यांचा तक्ता करावा. एखादी निराळीकडे वळलेली आढळल्यास तिचे कारण विचारावे.

२. प्रकाशाप्रमाणेच रेडिओलहरी सेकंदास सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतात. तर भूकेंद्रापासून उपग्रहापर्यंत व तेथून आपल्या घरापर्यंत येण्यास स्वरास किती वेळ लागेल, ते काढावे.

३. डोळ्यांस पट्टी बांधून आपल्या घरातील रेडिओ अथवा पेटी लावून पाहावी. जेथे अडखळाल तेथे दोऱ्याची गाठ बांधावी, आणि मग घरातील आजी-आजोबांस विचारावे की त्यांस काय ऐकावयास आवडेल.