तारेतच जिरणारी वीज

भुसावळजवळ दीपनगर येथे वीज निर्माण होते. रावेर-यावलची केळी असो वा शिरपूरचा कापूस, खानदेशातील बागायत विजेच्या पंपांवर अवलंबून आहे. परंतु निर्माण झालेली सर्व वीज पंपापर्यंत पोहोचत नाही. तिचा काही अंश तारा तापविण्यातच खर्ची पडतो.

या गळतीचा नियम साधा आहे. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की गळती चौपट होते. दाब वाढविला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह कमी लागतो. म्हणूनच दूरचे पारेषण २२० वा ४०० किलोव्होल्ट दाबाने केले जाते.

खरी अडचण शिवारात आहे. एकाच रोहित्रावरून ४४० व्होल्टची वाहिनी अनेक शेतांतून लांबवर नेली, तर टोकाच्या पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. ऐन वैशाखात मोटार जळते आणि केळीचे पाणी तुटते. त्याऐवजी ११ किलोव्होल्टची वाहिनी शेतापर्यंत नेऊन तेथे लहान रोहित्र बसविल्यास त्या अंतरातील प्रवाह पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. राज्यात २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी मंजूर झालेली उच्चदाब वितरण प्रणाली याच तत्त्वावर आधारलेली आहे.

शेतकऱ्याच्या हातचा उपाय म्हणजे कपॅसिटर. त्यायोगे पंपाचा शक्तिगुणक ०.७ वरून ०.९ वर गेल्यास वाहिनीतील गळती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. मात्र एकाने तो बसवून भागत नाही. रोहित्रावरील सर्वांनी बसविला तरच टोकाच्या शेताला पुरेसा दाब मिळेल. ग्रामसभेत हा विषय घेण्यासारखा आहे.