पायांवरील सूज : थकवा की इशारा?

चेन्नईतील टी. नगर, अर्थात त्यागराय नगर, कापड व दागिन्यांच्या बाजारपेठेसाठी सर्वश्रुत आहे. तेथील बहुमजली दुकानांत ग्राहक घटकाभर टेकतो; विक्रेते मात्र दिवसभर उभेच असत. तामिळनाडू विधानसभेने २०२१ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात कलम २२-अ समाविष्ट करून कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक केली. केरळने असे पाऊल २०१८ मध्येच उचलले होते. प्रदीर्घ उभे राहण्याने होणारा पायांचा त्रास हे या तरतुदीमागील एक प्रमुख कारण होय.

सूज का येते?

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेण्यास पोटऱ्यांचे स्नायू व शिरांमधील झडपा साहाय्य करतात. हालचाल थांबली की शिरांतील दाब वाढतो व द्रव आसपासच्या ऊतींमध्ये झिरपून घोट्यांशी साचतो. तासन् तास खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

संध्याकाळी दोन्ही पायांवर येणारी व सकाळी ओसरणारी सूज बहुधा याच प्रकारची असते. गर्भारपण, स्थूलता, आहारातील अतिरिक्त मीठ व फुगलेल्या शिरा यांमुळे ती वाढते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनसारख्या औषधांनीही सूज येऊ शकते. तथापि औषध परस्पर बंद करू नये.

इशारा कोणता?

सूज सकाळीही कायम राहिल्यास, अंगठ्याने दाबल्यावर खळगा टिकून राहिल्यास अथवा चेहराही सुजल्यास हृदय, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी आवश्यक ठरते. एकाच पायाला अचानक सूज, वेदना व उष्णता जाणवल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. सोबत धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. गर्भवतीच्या चेहऱ्यावर वा हातांवर एकाएकी सूज येणे, तीव्र डोकेदुखी होणे, हीदेखील तातडीची लक्षणे होत. एका पायाची दीर्घकाळ टिकणारी सूज हत्तीरोगामुळेही असू शकते.

उपाय

दर तासाला चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, रात्री पाय उशीवर किंचित उंच ठेवावेत व दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

खात्यातील नोंदी आपण नियमितपणे पडताळून पाहतो. पायांची नोंदही रोज सकाळी एकदा पाहावी. ती वेळीच वाचली, तर पुढील मोठी हानी टळू शकते.