लायसन्स राज : दहा मार्कांच्या पलीकडे

मॅनेजमेंटच्या पेपरला 'नवे आर्थिक धोरण' हा प्रश्न हमखास येतो. उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण असे तीन मथळे टाकायचे, प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या, डॉ. मनमोहन सिंग हे नाव अधोरेखित करायचं, की झाले दहा मार्क! पण १९९१ मध्ये नेमकं कुठलं यंत्र बदललं आणि त्यातले कुठले नट तसेच गंजत राहिले, हे त्या उत्तरात येत नाही. आपल्याला ते कळायला हवं, कारण परवाना हा प्रकार मुळात इंजिनिअरच्याच कामात लुडबूड करणारा होता.

सुरुवात १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यापासून. ठरावीक उद्योगांत नवा कारखाना काढायचा, नवीन वस्तू बनवायची किंवा आहे तो कारखाना वाढवायचा, तर दिल्लीचा परवाना लागे. त्या परवान्यावर उत्पादनक्षमता लिहिलेली असे. समजा, वर्षाला १०,००० पंप. आता एखाद्या हुशार इंजिनिअरने ले-आउट बदलला, सेटिंगचा वेळ कमी केला आणि त्याच मशीनवर १३,००० पंप काढले. आज त्याला बढती मिळेल. तेव्हा मात्र परवान्यापेक्षा जास्त माल काढणं हा नियमभंग होता! (पुढे पुढे थोडी सूट मिळत गेली, पण तत्त्व तेच.) परदेशातून मशीन आणायचं तर 'असं मशीन भारतात बनत नाही' हे आधी सरकारी तांत्रिक खात्याकडून मान्य करून घ्यायचं, मग आयात परवाना, मग परकीय चलन. तोपर्यंत मशीनचं मॉडेलच जुनं व्हायचं.

यामागचा हेतू वाईट नव्हता. भांडवल थोडं, परकीय चलन त्याहून थोडं, तेव्हा ते चैनीच्या वस्तूंत जाऊ नये आणि चार घराण्यांच्या हातात सगळं एकवटू नये, हा विचार होता. झालं मात्र उलटंच. मुंबई विद्यापीठाचे प्रा. आर. के. हजारी यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं, की मोठी घराणी भराभर अर्ज करून परवाने अडवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला ते मिळूच नयेत. १९६९ च्या दत्त समितीनेही साधारण तेच सांगितलं. त्यावर उपाय काय निघाला? त्याच वर्षी एमआरटीपी कायदा आला, म्हणजे मोठ्या घराण्यांना आणखी एक परवानगी! ग्राहकाची गत काय, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, नाहीतर 'ऑन' मोजायचा.

ही व्यवस्था कुणाला अचानक सुबुद्धी सुचली म्हणून मोडली नाही, तिजोरी रिकामी झाली म्हणून मोडली. १९८० च्या दशकात सरकारी तूट आणि परदेशी कर्ज वाढत गेलं. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल महागलं आणि आखातातून येणारा पैसा आटला. जून १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यात जप्तीचं २० टन सोनं परदेशात गेलं होतंच. जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने पाठवून गहाण टाकलं. १ आणि ३ जुलै असं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला.

पंतप्रधान नरसिंह राव. विदर्भातल्या मित्रांनी लक्षात घ्यावं, हे गृहस्थ आधी रामटेकचे खासदार होते, नागपूरला कायदा शिकले होते आणि ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला. उद्योग खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. २४ जुलै १९९१ ला संध्याकाळच्या अर्थसंकल्पाआधी राज्यमंत्र्यांनी नवं औद्योगिक धोरण संसदेपुढे ठेवलं. लक्ष सगळ्यांचं अर्थसंकल्पाकडे, आणि खरा स्फोट या कागदात! १८ उद्योग सोडून परवाना रद्द. एमआरटीपीची मालमत्तेची मर्यादा रद्द. ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी. मोटारी मात्र त्या १८ मध्येच राहिल्या, त्यांची सुटका १९९३ मध्ये झाली. आयातशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली. म्हणजे आधी किती होतं, विचार करा!

आता गंजलेले नट. लघुउद्योगांसाठी ८०० हून अधिक वस्तू राखीव होत्या. त्या मोठ्या प्रमाणावर बनवायला बंदी होती, आणि ती यादी पूर्ण संपायला २०१५ उजाडलं. खताची किंमत ४० टक्के वाढवायचं अर्थसंकल्पात होतं, पण ओरड झाल्यावर ३० वर आलं आणि लहान शेतकऱ्यांना वगळलं. शेतमालाच्या बाजाराला तर हातच लागला नाही. १०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी लागायची, तेही तसंच राहिलं. मला वाटतं, कायम कामगार नेमायला मालक बिचकू लागले त्याचं एक कारण इथे आहे. चाकणला इन्प्लांट ट्रेनिंगला गेलेल्यांनी पाहिलं असेल, एकाच लाइनवर, तोच स्पॅनर, पण दोन रंगांचे युनिफॉर्म आणि दोन पगार. सुधारणांनी रोजगार दिला हे खरं आहे, आणि तो असा दिला हेही खरं आहे. (मुंबईच्या गिरण्यांचं खापर मात्र १९९१ वर फोडू नका, तो संप जानेवारी १९८२ चा.)

आणि दाभोळ! इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी हे मुळातून वाचावंच. १९९१ मध्ये वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. १९९२ मध्ये एन्रॉनशी गुहागर तालुक्यातल्या प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला, तोही निविदा न मागवता. पुढच्या वर्षी वीजखरेदीचा करार झाला. विकणारा एक, घेणारं एक, म्हणजे वीज मंडळ. दर डॉलरशी बांधलेला. मंडळाने वीज उचलो न उचलो, स्थिर आकार द्यायचाच. आता साधं गणित करा. स्थिर आकार तेवढाच आणि युनिट निम्मे उचलले, तर प्रत्येक युनिटवर त्याचा बोजा दुप्पट. त्यात रुपया घसरला की बिल आणखी फुगणार. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प उलट मोठाच झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा नॅफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं.

याला लोक 'मुक्त बाजार' म्हणून शिव्या देतात. पण मला त्यात बाजार कुठे दिसतच नाही. स्पर्धा नाही, ग्राहकाला निवड नाही, नुकसानीचा धोका सगळा एकाच बाजूला. परवाना गेला आणि त्या जागी करार आला, एवढाच फरक. दर तपासणारा राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये, करारावर सही होऊन जवळपास सहा वर्षं लोटल्यावर. बंद पडलेलं ते केंद्र २००५ मध्ये हाती घेतलं एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने काढलेल्या कंपनीने, आणि त्या दोन्ही सरकारी!