सराव संपला म्हणजे संपला

रिकाम्या पिस्तुलावर रोज ट्रिगर दाबायचा, असं सांगितलं की नवी पोरं एकमेकांकडे बघतात. गोळीच नाही तर शिकायचं काय? पण नेम बिघडतो तो बहुतेक वेळा ट्रिगर दाबतानाच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यात ट्रिगरवर किमान एक किलोचा दाब द्यावा लागतो. एवढा दाब एका बोटाने द्यायचा आणि फ्रंट साइट मात्र जागची हलू द्यायची नाही, हे खरं कसब. गोळी सुटली की धक्क्यात आणि आवाजात हाताची चूक लपून जाते. रिकाम्या पिस्तुलाच्या या सरावात, म्हणजे ड्राय प्रॅक्टिसमध्ये, ती उघडी पडते, आणि काडतुसाचा खर्चही वाचतो.

म्हणून हा सराव करू नका असं मी कुणालाच सांगणार नाही. तो संपवायचा कसा, एवढं मात्र सांगेन. राहुरी तालुक्यात एका वस्तीवर मी जे पाहिलं, त्यामुळे.

माझ्या ओळखीचे एक बागायतदार. परवान्याचं पिस्तूल, आणि माणूस अतिशय शिस्तीचा. त्या संध्याकाळी त्यांनी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून चेंबर पाहिलं, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून सराव केला. सगळं नियमानुसार. सराव आटोपल्यावर त्यांनी पिस्तूल भरलं, कारण रात्रीच्या लाइटला उसाला पाणी द्यायला जायचं होतं आणि शिवारात बिबट्याचा वावर होता. तेवढ्यात फोन आला : डीपी जळाली, आज लाइट येणार नाही. बोलणं लांबलं. फोन ठेवून ते पुन्हा त्याच जागी येऊन बसले आणि ‘एक शेवटचं’ म्हणून पिस्तूल उचललं. मी ओसरीवर होतो. गोळी पत्र्याच्या कोठीतून आरपार जाऊन भिंतीत घुसली. ज्वारी जमिनीवर सांडत राहिली आणि आत सूनबाई लेकराला घेऊन थिजून उभ्या होत्या. कुणाला लागलं नाही. पुढे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या झाल्या. १९५९च्या शस्त्र कायद्यात परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची तरतूद आहे, त्यामुळे त्यांच्या जिवाला घोर लागला तो वेगळाच.

त्यांनी सुरुवातीला घेतलेली काळजी खोटी नव्हती. ती सरावापुरती होती आणि सरावाबरोबर संपली होती. हाताला मात्र मघाचं रिकामं पिस्तूलच आठवत होतं. आम्हा नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. लष्कराच्या के. के. रेंजच्या आसपास रणगाड्यांच्या सरावातले गोळे निकामी समजून भंगारासाठी उचलले गेले आणि फुटले; त्यात माणसं गेली. शस्त्र रिकामं आहे ही मघाची माहिती असते. आत्ता काय आहे ते आत्ताच बघावं लागतं.

तेव्हापासून मी शिकवताना हा क्रम पाळायला लावतो.

काडतुसं सरावाच्या खोलीत नकोतच. मॅगझिन आधी काढा, मग स्लाइड ओढा; उलट केलं तर चेंबरमध्ये नवी गोळी चढते. चेंबर डोळ्यांनी पाहा आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची सगळी घरं मोजा.

दिशा अशी निवडा, की गोळी सुटलीच तरी पलीकडे माणूस नसेल. पत्रा किंवा अर्ध्या विटेची भिंत गोळी अडवेल असं धरून चालू नका. दगडी भिंतीवरून ती उलटून येऊ शकते. मातीने गच्च भरलेल्या पोत्यांची थप्पी बरी. आरसा, टीव्ही, देवाचा फोटो यांवर नेम धरायचा नाही.

शस्त्राची जात ओळखा. .२२ मध्ये चेंबर मोकळं असताना फायरिंग पिन कडेच्या धातूवर आपटू शकते, म्हणून वेगळ्या रंगाचे डमी राउंड वापरा. स्प्रिंगचं एअर पिस्तूल छर्र्याशिवाय चालवलं तर आतला दट्ट्या आपटून खराब होतो. स्पर्धेच्या बऱ्याच एअर पिस्तुलांत ड्रायसाठी वेगळी सोय असते. रेंजवर तर अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ड्रायही करता येत नाही. घरात तो अधिकारी तुम्हीच.

सराव थोडा करा. कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा, नजर फ्रंट साइटवर ठेवा, ट्रिगर सरळ मागे घ्या आणि सुटल्यावरही क्षणभर तसेच थांबा. हात थरथरू लागला तर दाबू नका, खाली घ्या. फोन बंद ठेवा. मध्ये कुणी हाक मारली, तर परतल्यावर सगळी तपासणी पहिल्यापासून.

आणि शेवट. ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हणा. घरातल्यांनाही ऐकू जाऊ द्या. मग लगेच शस्त्र कुलपात ठेवा आणि खोली सोडा. भरायचंच असेल तर ते वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी. त्यानंतर ‘एक शेवटचं’ मनात आलंच, तर ते उद्याच्या सरावातलं पहिलं.